सीएमएमचा संगणक बदलताना: पीसी-डीमिस नव्या संगणकावर कसे बसवावे

सीएमएमला (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन, म्हणजे प्रोब नावाचा संवेदक भागाला टेकवून मापे घेणारे यंत्र) जोडलेला संगणक बदलायची वेळ आली की ते काम बहुतेक कारखान्यांत आयटी विभागाच्या माथी मारले जाते. नवा संगणक येतो, सॉफ्टवेअर चढते, पेनड्राइव्हवरून प्रोग्राम उतरवले जातात आणि दुपारच्या चहापर्यंत मशीन पुन्हा चालू होते. मशीन चालू झाले एवढ्यावर सगळे समाधान मानतात. ते बरोबर मोजते आहे का, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण सीएमएमची अचूकता जशी ग्रॅनाइटच्या टेबलात, एअर बेअरिंगमध्ये आणि काचेच्या स्केलमध्ये असते, तशी ती काही अंशी जुन्या संगणकाच्या डिस्कवरील एका छोट्या फाइलमध्येही असू शकते. ती फाइल मागे राहिली तर मशीन नेहमीसारखेच चालते, पण चुकीचे मोजते.

पुढील माहिती ब्रिज प्रकारच्या सीएमएमवर हेक्सॅगॉन कंपनीचे पीसी-डीमिस हे मोजमापाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहे. कॅलिप्सो किंवा एमकॉसमॉस ही दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना फोल्डरांची आणि पडद्यांची नावे वेगळी दिसतील, कामाचा क्रम मात्र साधारण हाच राहील. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय असलेला संगणक लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेले कितीतरी संगणक सध्या केवळ या कारणाने बदलले जात आहेत. अशा बदलात एक सोय असते: जुना संगणक अजून जिवंत असतो. खालील बहुतेक कामे तो जिवंत असेपर्यंतच सुखाने करता येतात.

भरपाईची फाइल म्हणजे काय

सीएमएमचे तीन अक्ष कितीही काळजीपूर्वक बसवले तरी ते पूर्णपणे सरळ आणि एकमेकांशी नेमके काटकोनात नसतात. प्रत्येक अक्षाच्या सहा चुका आणि अक्षांमधील काटकोनांच्या तीन, अशा एकूण एकवीस भौमितिक चुका मानल्या जातात. मशीन बसवताना सर्व्हिस इंजिनिअर त्या लेसर इंटरफेरोमीटरने किंवा अन्य साधनांनी मोजतो आणि त्यांचा नकाशा साठवून ठेवतो. पुढे प्रोबने टेकलेल्या प्रत्येक बिंदूत या नकाशानुसार दुरुस्ती होते. या दुरुस्तीला भरपाई म्हणतात, आणि नकाशाच्या फाइलला बोलीभाषेत आपण ‘कॉम्प फाइल’ म्हणतो. काही मशीनवर हा नकाशा कंट्रोलरमध्येच (मशीनचे अक्ष हलवणाऱ्या पेटीत) असतो, आणि मग संगणक बदलल्याने त्याला धक्का लागत नाही. पण अनेक मशीनवर तो संगणकात, ‘कॉम्प डॉट डॅट’ या नावाच्या फाइलमध्ये असतो. आपल्या मशीनवर तो कोठे आहे, हे सर्व्हिस इंजिनिअरला आधी विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मागावे.

या बाबतीत आमची एकदा फजिती झाली होती. काही वर्षांपूर्वी चाकणच्या कारखान्यात आम्ही सीएमएमचा संगणक गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत बदलला. प्रोग्राम आणले, प्रोब फाइल आणल्या, पण कॉम्प फाइल ज्या प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये असते तो विंडोजमध्ये लपवलेला असतो, त्यामुळे तो आमच्या नजरेतून सुटला. नव्या संगणकावर भरपाईचे सेटिंग मुळातच बंद होते, म्हणून कोणताही इशारा आला नाही. प्रोब कॅलिब्रेशन उत्तम आले, ५० मिमीचा रिंग गेज (नेमका व्यास माहीत असलेली कडी) बरोबर मोजला गेला, आणि शुक्रवारी पहिल्या पाळीत आम्ही निर्धास्तपणे रिपोर्ट छापू लागलो. चार दिवसांनी ग्राहकाकडून विचारणा आली की, गिअरबॉक्स हाउसिंगवरील दोन डॉवेल होलांच्या (पिन बसवायच्या भोकांच्या) तिरक्या अंतरात त्यांच्या आणि आमच्या आकड्यांत १२ मायक्रॉनचा फरक दिसतो आहे. ते अंतर साधारण ३०० मिमी होते.

तेव्हा आम्ही ६०० मिमीचा स्टेप गेज (नेमक्या अंतरांच्या पायऱ्या असलेली पट्टी) टेबलावर एक्स-वाय प्रतलात ४५ अंशांत ठेवून मोजला आणि मग दुसऱ्या कर्णावर फिरवून पुन्हा मोजला. एका कर्णावर तो २४ मायक्रॉन लांब आला, दुसऱ्यावर २४ मायक्रॉन आखूड. मशीनची मान्य चूक ‘१.९ + एल/३००’ मायक्रॉन (एल ही लांबी मिमीमध्ये), म्हणजे ६०० मिमीला ३.९ मायक्रॉन. दोन कर्णांमधील ४८ मायक्रॉनच्या फरकाचा अर्थ असा की एक्स आणि वाय अक्षांमधील कोन दर मीटरला ८० मायक्रॉन इतका काटकोनापासून ढळलेला होता. मशीन मुळातच तसे होते, फक्त इतकी वर्षे कॉम्प फाइल ते झाकत होती. रिंग गेजवर हे का दिसले नाही, याचा हिशोब सोपा आहे: तीच चूक ५० मिमीच्या वर्तुळावर केवळ २ मायक्रॉन अधिक-उणे एवढा अंडाकार देते आणि सरासरी व्यास जसाच्या तसा राहतो, २५ मिमीच्या मास्टर बॉलवर (ज्यावर प्रोब कॅलिब्रेट करतात तो गोळा) तर ती १ मायक्रॉन उरते. लहान वस्तू मोजून मोठ्या मशीनची परीक्षा होत नाही, हे तेव्हा कळले. जुन्या डिस्कवरून फाइल आणून भरपाई चालू केल्यावर कर्णांमधील फरक ३ मायक्रॉनवर आला. मधल्या चार दिवसांतील सगळी हाउसिंग पुन्हा मोजावी लागली, ते वेगळेच.

जुना संगणक बंद करण्यापूर्वी

सर्वांत आधी जुन्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा (डिस्क इमेज) बाहेरील डिस्कवर घ्यावी. निवडक फोल्डरांची नक्कल करणे नंतर आहेच, पण काय हवे होते हे अनेकदा हवे असतानाच समजते आणि तेव्हा संपूर्ण प्रतिमाच कामी येते.

त्यानंतर पीसी-डीमिसच्या मदत मेनूतून आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, सर्व्हिस पॅकसह, लिहून घ्यावा. नवा संगणक, तर नवी आवृत्ती, असा मोह सर्वांनाच होतो. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही बदल एकाच दिवशी करू नयेत. आकड्यांत फरक आला तर तो संगणकामुळे आला की आवृत्तीमुळे, हे मग सांगता येत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत उघडून साठवलेला प्रोग्राम जुनी आवृत्ती सरळ उघडत नाही, त्यामुळे माघारीची वाट बंद होते. नव्या विंडोजवर जुनी आवृत्ती चालतच नसेल तर इलाज नाही. पण मग मूळ प्रोग्रामांची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवावी, आणि देखभाल करार कोणत्या तारखेपर्यंतचा आहे तेही पाहावे, कारण त्या तारखेनंतर आलेल्या आवृत्त्या परवाना उघडू देत नाही.

परवान्याचे दोन प्रकार आढळतात. यूएसबी डोंगल (परवाना साठवलेली छोटी किल्ली) असेल तर तो काढून नव्या संगणकाला लावता येतो. सॉफ्टवेअर स्वरूपाचा परवाना असेल तर तो आधी जुन्या संगणकावरून, परवाना व्यवस्थापकाच्या खिडकीतून, रीतसर परत करावा लागतो आणि मगच नव्यावर घेता येतो. जुनी डिस्क पुसल्यावर हे लक्षात आले तर पुरवठादाराशी पत्रव्यवहार करण्यात दोन-तीन दिवस सहज जातात. परवाना परत केल्यावर जुना संगणक मोजू शकणार नाही, हे ध्यानात ठेवून हे काम जुन्या संगणकावरील अगदी शेवटचे काम म्हणून करावे.

आता फायली. पीसी-डीमिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्या तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात. सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरात, हेक्सॅगॉन आणि त्याखाली पीसी-डीमिसच्या आवृत्तीच्या नावाने, मशीनशी संबंधित फायली असतात: कॉम्प फाइल, कंट्रोलरला पाठवायची मापदंडांची फाइल, टूल चेंजरच्या (प्रोब आपोआप बदलण्याच्या स्टँडच्या) नोंदी. ‘यूझर्स’मधील ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’ फोल्डरात मोजमापाचे प्रोग्राम, प्रोब फाइल आणि रिपोर्टचे साचे असतात. ज्या नावाने लॉगइन केले जाते त्या नावाखालील ‘ॲपडेटा’ फोल्डरात टूलबार आणि पडद्याची मांडणी असते. ती नाही आणली तरी मोजमापात फरक पडत नाही, पण ऑपरेटर आठवडाभर कुरकुरतात. पहिला आणि तिसरा फोल्डर लपवलेला असल्यामुळे विंडोजमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याचे सेटिंग आधी चालू करावे. स्वतः जोडून तयार केलेले स्टायलस (प्रोबच्या टोकाची, गोळी लावलेली काडी) वा एक्स्टेन्शन असतील तर त्यांच्या व्याख्येची ‘यूएसआरप्रोब डॉट डॅट’ नावाची फाइलही शोधून घ्यावी, ती नसेल तर प्रोब फाइल उघडताना भाग सापडत नाहीत.

प्रोग्राम प्रत्यक्षात याच फोल्डरात असतील असे मात्र गृहीत धरू नये. प्रत्येक कारखान्यात कोणीतरी डी ड्राइव्हवर ग्राहकाच्या नावाने फोल्डर केलेले असतात आणि खरे, ताजे प्रोग्राम तेथेच असतात. ऑपरेटरला शेजारी बसवून, तो रोज कोठून प्रोग्राम उघडतो हे डोळ्यांनी पाहावे.

सेटिंग्जसाठी पीसी-डीमिससोबत येणारा सेटिंग्ज एडिटर उघडून त्यातील बॅकअपची सोय वापरावी. यंत्राचा वेग, सुरक्षित अंतर, तापमान भरपाई, प्रोब हेडची बसवण्याची दिशा, भरपाई चालू की बंद, असे शेकडो मापदंड त्यात असतात. बॅकअप घेतल्यावरही महत्त्वाच्या पडद्यांचे मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. हे अडाणी वाटते, पण ऐन वेळी फोटोइतके झटपट काहीच सापडत नाही. कंट्रोलरशी जोडलेल्या नेटवर्क कार्डाचा आयपी पत्ता आणि सबनेट मास्क, किंवा जुने मशीन असेल तर कॉम पोर्टचा क्रमांक आणि बॉड रेट, यांचाही फोटो घ्यावा, आणि संगणकाच्या मागील केबलांना चिकटपट्टी लावून त्यावर नावे लिहावीत.

कॉम्प फाइलची नक्कल नेमकी झाली आहे, हे नंतर पटवून देता आले पाहिजे. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ आज्ञेने फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढावा आणि तो मशीनच्या नोंदवहीत डकवावा. नव्या संगणकावर फाइल ठेवल्यावर पुन्हा हॅश काढून दोन्ही जुळवावेत. ऑडिटरला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही, आणि तो मिळवायला एक मिनिट लागते.

उरलेले काम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे आणि नेमके तेच वगळले जाते. जुना संगणक जोडलेला असतानाच, मशीन आणि खोली २० अंश सेल्सिअसला स्थिरावलेली असताना, एक नेहमीचा भाग, शक्यतो टेबलाचा बराचसा भाग व्यापणारा, फिक्स्चरसह ठेवून त्याच प्रोग्रामने सलग दहा वेळा मोजावा. त्याबरोबर स्टेप गेज किंवा लांब स्लिप गेज एक्स आणि वायच्या दिशेत, झेडच्या दिशेत उभा आणि प्रतलांतील दोन-दोन कर्णांवर मोजावा. हे आकडे म्हणजे आपला आधार. तो भाग आणि गेज संगणक बदलेपर्यंत त्याच खोलीत ठेवावेत.

नवा संगणक: मशीनला जोडण्यापूर्वी

संगणक निवडताना सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीला लागणाऱ्या गोष्टींची यादी पुरवठादाराकडून घ्यावी आणि खरेदी विभागाला तीच द्यावी. दोन बाबतींत तडजोड करू नये. एक, मदरबोर्डवरील साध्या ग्राफिक्सवर न भागवता स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे, नाहीतर मोठे कॅड मॉडेल फिरवताना पडदा गोठतो आणि ऑपरेटर मशीनलाच दोष देतो. दुसरे, नेटवर्क कार्डे दोन असावीत: एक फक्त कंट्रोलरसाठी, दुसरे कारखान्याच्या जाळ्यासाठी. कंट्रोलर जुना, सिरीयल केबलवर चालणारा असेल तर संगणकात सिरीयल कार्ड बसवून घ्यावे. यूएसबीचा ॲडॉप्टर बहुतेक वेळा चालतो, पण मोजमाप अर्ध्यावर असताना संपर्क तुटणे आपल्याला परवडत नाही. केबल मात्र जुनीच वापरावी, कारण सिरीयल केबलमधील तारांची जोडणी सगळ्यांची सारखी नसते.

विंडोजमध्ये काही गोष्टी आधीच मार्गी लावाव्यात. संगणक आणि डिस्क कधीही झोपी जाणार नाहीत असे ऊर्जा-सेटिंग ठेवावे. नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची जी परवानगी असते ती काढावी, यूएसबीचीही काढावी. विंडोजचे अपडेट पाळीच्या मध्यात संगणक पुन्हा सुरू करणार नाहीत, अशी वेळ आयटी विभागाकडून ठरवून घ्यावी. अँटीव्हायरसमध्ये पीसी-डीमिसचे तिन्ही फोल्डर अपवाद म्हणून नोंदवावेत. क्लाऊडशी आपोआप जुळवणी करणारी सेवा प्रोग्रामांच्या फोल्डरावर चालू ठेवू नये; उघडा असलेला प्रोग्राम तिने मध्येच धरून ठेवला तर साठवताना अडचण येते. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंग्जमध्ये दशांशासाठी बिंदूच असावा आणि तारखेचे स्वरूप जुन्या संगणकासारखेच असावे, कारण अनेक ठिकाणी रिपोर्टचे नाव तारखेवरून बनते. आणि मराठीचे कितीही प्रेम असले तरी प्रोग्रामच्या व फोल्डरांच्या नावांत देवनागरी वापरू नये. जुन्या मोजमाप-सॉफ्टवेअरना ती नेहमी पचतेच असे नाही.

संगणकाचे नाव, लॉगइनचे नाव आणि ड्राइव्हची अक्षरे शक्यतो पूर्वीचीच ठेवावीत. एका प्रोग्राममधून दुसरा बोलावला जातो, रिपोर्ट ठरावीक फोल्डरात जातो, एक्सेलकडे आकडे पाठवणारी स्क्रिप्ट विशिष्ट पत्ता शोधते. या सगळ्यांत पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. जुना डी ड्राइव्ह नव्या संगणकावर ई झाला की ही सगळी यंत्रणा एकदम कोलमडते आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

सॉफ्टवेअर चढवताना प्रशासकाच्या अधिकाराने लॉगइन करावे. आधी ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर, मग डोंगल असेल तर त्याचा ड्रायव्हर, मग संगणक पुन्हा सुरू करून डोंगल लावणे आणि शेवटी पीसी-डीमिस, हा क्रम पाळावा. सॉफ्टवेअर चढल्यावर ते पहिल्यांदा प्रशासक म्हणूनच, आणि ऑफलाइन पद्धतीने (मशीनशी न जोडता), एकदा उघडून बंद करावे. त्याने आवश्यक फोल्डर तयार होतात. मग सेटिंग्ज एडिटरमधून बॅकअप परत आणावा, कॉम्प फाइल आणि तिच्या सोबतच्या फायली प्रोग्रामडेटामध्ये ठेवाव्यात आणि हॅश जुळवावा. भरपाई चालू आहे याची खात्री सेटिंग्जमध्ये डोळ्यांनी करावी. फाइल जागेवर असणे आणि ती वापरली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे रोजच्या ऑपरेटरच्या लॉगइनमधून सॉफ्टवेअर उघडून त्याला त्या फोल्डरांत लिहिण्याची परवानगी आहे का, तेही पाहावे.

ऑफलाइन असतानाच दहा-बारा महत्त्वाचे प्रोग्राम उघडून पाहावेत. प्रोब फाइल सापडत नाही, कॅड मॉडेल नाही, रिपोर्टचा साचा नाही, अशा सगळ्या तक्रारी येथेच, मशीन न हलवता, निकालात निघतात.

मशीनशी पहिली भेट

टेबल पूर्ण रिकामे करावे, फिक्स्चरसुद्धा उतरवावे. हवेचा दाब नेहमीचा आहे ना पाहून कंट्रोलर आधी सुरू करावा आणि मग सॉफ्टवेअर. कंट्रोलरच्या कार्डाला जुनाच स्थिर पत्ता द्यावा, गेटवे रिकामा ठेवावा आणि कारखान्याच्या जाळ्याचे कार्ड वेगळ्या सबनेटमध्ये असू द्यावे. संपर्क होत नसेल तर सर्वप्रथम विंडोजच्या फायरवॉलकडे पाहावे, त्यानंतर दोन केबलांची अदलाबदल तर झाली नाही ना ते पाहावे. अनुभव असा की यापैकीच काहीतरी निघते.

होमिंग (प्रत्येक अक्षाला त्याच्या शून्यबिंदूवर नेणे) करताना एकाने जॉग बॉक्सवरील (मशीन हाताने हलवण्याच्या पेटीवरील) आणीबाणीच्या बटणावर हात ठेवून उभे राहावे. होमिंग झाल्यावर जॉयस्टिकने एकेक अक्ष सावकाश हलवून पडद्यावरील आकडा योग्य दिशेने वाढतो का, ते पाहावे. प्रोब हेड वळणारे असेल तर झेड अक्ष वर नेऊन, टेबलापासून भरपूर उंचीवर, त्याला ए ९० बी ० आणि मग ए ९० बी ९० या कोनांत (ए म्हणजे कलण्याचा, बी म्हणजे फिरण्याचा कोन) वळवावे. पीएच१० प्रकारचे हेड ७.५ अंशांच्या टप्प्यांनी ७२० स्थितींत वळते. ते सांगितलेल्या कोनात वळेलच, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याची बसवण्याची दिशा चुकीची असेल तर पडद्यावरील स्टायलस डावीकडे आणि प्रत्यक्षातला उजवीकडे दिसतो. हे आत्ताच पकडले नाही तर पहिल्याच भोकात स्टायलस तुटतो, आणि नशीब वाईट असेल तर प्रोबही.

टूल चेंजर असेल तर त्याच्या खणांची स्थाने नकललेल्या नोंदींवर विसंबून न वापरता पुन्हा कॅलिब्रेट करावीत आणि प्रोब बदलण्याची पहिली फेरी किमान वेगाने करावी.

कॅलिब्रेशन आणि पडताळणी

नक्कल करून आणलेल्या प्रोब फाइलमध्ये जुने कॅलिब्रेशन असते आणि सॉफ्टवेअर ते निमूटपणे वापरते. म्हणून सर्व स्टायलस, सर्व कोनांत, नव्याने कॅलिब्रेट करावेत. मास्टर बॉलचा व्यास टाकताना त्यावर छापलेला २५ हा आकडा न टाकता प्रमाणपत्रातील नेमका आकडा टाकावा, तो २४.९९८७ असेल आणि आपण २५ टाकले तर १.३ मायक्रॉनची चूक प्रत्येक भोकाच्या आणि प्रत्येक शाफ्टच्या व्यासात कायमची बसते. बॉलच्या दांड्याची दिशा तपासावी. मुख्य स्टायलसने पहिले कॅलिब्रेशन करताना, बॉल हलला आहे का, या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर द्यावे. पुढील स्टायलसना ‘नाही’.

तापमान भरपाई वापरत असाल तर संवेदकांचे आकडे वास्तवाशी जुळतात का, हे साध्या थर्मामीटरने पडताळावे. पोलादाचा प्रसरणांक दर मीटर दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. भाग २३ अंशांवर असेल तर ४०० मिमीच्या पोलादी लांबीत जवळजवळ १४ मायक्रॉन आणि ॲल्युमिनियममध्ये २८ मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. पूर्वी चालू असलेली भरपाई नव्या संगणकावर बंद राहिली, किंवा उलटे झाले, तर सगळे आकडे एका दिशेने सरकतात. अशा सरकण्यात एक प्रकारची शिस्त असते आणि त्यावरूनच ते ओळखू येते.

यानंतर जुन्या संगणकावर मोजलेला तोच भाग, त्याच फिक्स्चरवर, त्याच प्रोग्रामने पुन्हा दहा वेळा मोजावा. दोन्ही दहांच्या सरासरीत जो फरक पडेल तो मशीनच्या नेहमीच्या पुनरावृत्तीच्या आत हवा. भागाच्या टॉलरन्सशी (मापातील मान्य फरकाशी) तुलना करून ‘आत आहे, चालेल’ असे म्हणू नये. टॉलरन्स ५० मायक्रॉन असला तरी तोच भाग त्याच मशीनवर संगणक बदलल्याने १० मायक्रॉनने बदलण्याचे कारण नाही, आणि बदलला असेल तर कारण शोधलेच पाहिजे. मग स्टेप गेज, सर्व दिशांत आणि कर्णांवर. कर्णांवरील मोजणीत कंटाळा आला तरी सवलत घेऊ नये, का ते वर सांगितलेच आहे.

सीएमएम तपासण्याच्या आयएसओ १०३६०-२ या मानकातील पूर्ण चाचणीत पाच लांब्या, सात स्थितींत, प्रत्येकी तीन वेळा, अशी १०५ मोजमापे असतात आणि आयएसओ १०३६०-५ मधील प्रोबिंगच्या चाचणीत बॉलवर २५ बिंदू घेतले जातात. संगणक बदलल्यावर दरवेळी ती पूर्ण चाचणी करून घ्यावी का? कॉम्प फाइलचा हॅश जुळला, सेटिंग्ज जुळली, आवृत्ती तीच राहिली आणि स्टेप गेज सर्व दिशांत मर्यादेत आला, तर मी ती पुढील नियत कॅलिब्रेशनपर्यंत थांबवतो आणि कारण नोंदवतो. यापैकी एक जरी गोष्ट सुटली असेल, किंवा भरपाईचा नकाशा नव्याने केला असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय ग्राहकाला रिपोर्ट देऊ नये. आयएसओ १७०२५:२०१७ नुसार चालणाऱ्या प्रयोगशाळांना सॉफ्टवेअरमधील बदल वापरात आणण्यापूर्वी अधिकृत, लेखी आणि प्रमाणित करणे बंधनकारक आहे. आयएटीएफ १६९४९ खाली काम करणाऱ्या वाहन-उद्योगातील पुरवठादारांनाही मोजमापाचे सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणेच आहे याची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी मशीनच्या इतिहास-पत्रावर तारीख, दोन्ही संगणकांचे क्रमांक, विंडोज आणि पीसी-डीमिसच्या आवृत्त्या, दोन्ही हॅश, आधीची आणि नंतरची मोजमापे आणि सह्या एवढे असले की पुरते.

या सगळ्याला शांतपणे केल्यास दीड दिवस लागतो: पहिल्या अर्ध्या दिवसात जुन्या संगणकावरील मोजमापे आणि बॅकअप, दुसऱ्या दिवशी उरलेले सर्व. महिनाअखेरीला, डिस्पॅचची घाई असताना, हे काम हाती घेऊ नये. सुट्टीच्या दिवशी करायचे असेल तर एअर कंडिशनर आदल्या रात्री बंद झालेला नाही, हे सुरक्षारक्षकाला सांगून पक्के करावे. खोली एकदा तापली की ग्रॅनाइट निवायला फार वेळ घेतो आणि तोवर घेतलेले आकडे तुलनेला निरुपयोगी ठरतात.

जुना संगणक लगेच भंगारात किंवा हिशेब विभागाला देऊ नये. निदान पुढील वार्षिक कॅलिब्रेशन होईपर्यंत त्याची डिस्क काढून मेट्रॉलॉजीच्या (मोजमाप विभागाच्या) कपाटात ठेवावी आणि तिच्यावर मशीनचा क्रमांक, बदलाची तारीख, पीसी-डीमिसची आवृत्ती आणि ‘पुसू नये’ एवढे शब्द ठळक लिहून ठेवावेत.